एकेचाळीस नंबरची पूड

"मॅडम घरीबी अशाच गप राह्यतेत का?" ताराबाई विचारत होत्या.

"इंग्रजी शाळेतल्या हायेत ना. तितं मराठी बोललं का छडी मारतेत म्हने," भोजराम म्हणाला. "लहानपनाची सवय, कुठं जाईन?"

दोघं शेडच्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे होते आणि अलीकडे मी गॅसच्या सिलिंडरवर पाना लावून उभी होते. पाना खाली ठेवला असता तर आवाज झाला असता, म्हणून ते निघून जाईपर्यंत तसाच धरून राहिले. भोजरामचं फारसं चुकलं नव्हतं. आमच्या नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये छडी नव्हती, पण मराठी बोललेल्या मुलीच्या गळ्यात दिवसभर एक लाकडी पाटी लटकवत. ती चुकवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे कुठल्याच भाषेत न बोलणं. तो मी दुसरीत असताना शोधून काढला, आणि एम.एस्सी. होऊन तुमसर रोड स्टेशनवर उतरले तेव्हाही तोच वापरत होते.

या अंकाच्या संपादकांनी मला नोकरीविषयी लिहायला सांगितलं, फक्त रसायनशास्त्र घालू नका म्हणाले. ते वगळलं तर माझ्या नोकरीत सिलिंडर ढकलणं आणि भांडी घासणं एवढंच उरतं. तेव्हा थोडं घालते.

पॉलिथिनची पिशवी सगळ्यांना माहीत आहे. ती ज्या वायूपासून होते त्याला इथिलीन म्हणतात. नुसतं इथिलीन कितीही दाबलं तरी आपण होऊन सहजासहजी पॉलिथिन होत नाही. त्याला जोडून देणारा एक मध्यस्थ लागतो, तो उत्प्रेरक. साहेब आणि पाहुणे त्याला कॅटॅलिस्ट म्हणत, भोजराम 'विरजण' म्हणायचा, आणि समजावून सांगायला मला अजून त्याहून बरा शब्द सापडलेला नाही. चिमूटभर टाकायचं आणि कितपत विरजतं ते पाहायचं. त्या काळी नवी निघालेली पद्धत अशी की मध्ये कुठलाही द्रव वापरायचा नाही, वायूतूनच थेट पूड तयार करायची. विरजणाच्या एकेका कणाभोवती प्लास्टिक साचत जातं आणि कणाचा आकार कायम राहून तो फक्त मोठा होतो. गोल कणाचा गोल दाणा, चुरगळलेल्याचा चुरगळलेला.

आम्ही पॉलिथिन विकत नव्हतो. कुणाचं विरजण चांगलं, ते पारखून सांगत होतो. हे काम भंडारा जिल्ह्यात का, याचं उत्तर एवढंच की मागास भागात उद्योग काढला की सरकारी सवलत मिळते. कंपनीने सवलत घेतली, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत, एक शेड उभी केली आणि तिला चाचणी केंद्र असं नाव दिलं. सगळ्यात जवळचा पॉलिथिनचा कारखाना शेकडो मैल लांब. इथिलीनचे सिलिंडर मुंबईकडून ट्रकने येत. ट्रकवाला दर खेपेला विचारायचा, इथं नेमकं काय बनतं, आणि दर खेपेला भोजराम त्याला नवीन काहीतरी सांगायचा.

या कामात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पाणी. हवेतली ओलसुद्धा विरजण मारते. ज्या जिल्ह्यात दर कोसावर तळं आहे आणि चार महिने बांध्या भरून उभ्या असतात, तिथे आम्ही कोरडेपणाची साधना करत होतो. हवा आत शिरायला केसाएवढी फट पुरते. ती फट शोधावी भोजरामनेच. तो केंद्रातला मदतनीस, ढिवरांच्या घरातला, बाप अजून तळ्यात जाळं टाकायचा. जोडांवर साबणाचं पाणी लावून बसला की जिथे मला काही दिसत नसे तिथे त्याला बुडबुडा दिसे. "मासोरी पान्याखाली असली का पान्यावर कसं दिसते, ते लहानपनी शिकलो जी," एवढंच स्पष्टीकरण. परदेशी बनावटीचं गळती शोधायचं यंत्र कपाटात होतं. पाहुणे आले की ते बाहेर काढत.

आणि मीठ. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चाचणीचं पोलादी भांडं दोन लिटरचं, आत फिरणारी रवी. चिमूटभर विरजण रिकाम्या भांड्यात टाकलं तर ते भिंतीला चिकटून बसतं. त्याला लोळायला कोरडा, निरुपद्रवी बिछाना लागतो. कारखान्यात ते काम आधीची पॉलिथिनची पूड करते. पण चाचणीत जुनी पूड घातली तर नवी किती झाली ते कसं मोजणार? म्हणून जगभर मीठ घालतात. साधं मीठच, भट्टीत दोन दिवस वाळवलेलं. चाचणी संपली की सगळं पाण्यात टाकायचं. मीठ विरघळतं, पॉलिथिन वर तरंगतं. ते धुऊन, वाळवून तोलायचं. जितकं वजन, तितका विरजणाचा मान. हे धुण्याचं काम ताराबाईंचं.

ताराबाई मोहाडीकडच्या एका खेड्यातून सायकलवर येत. गावात सायकल चालवणाऱ्या त्या पहिल्याच, आणि सायकल चालवायचं कारण हे काम. रोवणीचे दिवस सोडले तर बायकांना रोजचं काम मिळणं कठीण; इथे बारा महिने होतं. दोन मुली मोहाडीच्या शाळेत होत्या आणि तिसरीचंही नाव घालायचं चाललं होतं. केंद्रातले सगळे साहेबांना घाबरत. त्या फक्त तराजूला घाबरत. काचेच्या पेटीतला तो तराजू श्वासानेही हलतो असं कळल्यापासून त्याच्या जवळून जाताना त्या तोंडावर पदर धरत.

आमचे प्रमुख सबनीस साहेब. पुण्याचे, परदेशात शिकलेले, मनाने सरळ आणि स्वतःच्या कल्पनेवर मनापासून लुब्ध. त्यांच्याकडे एके दिवशी तुमसरचे एक राइस मिलवाले शेठ आले, पाठोपाठ गडी पोतं घेऊन. पोत्यात राख होती. धानाचं तूस जाळून उरलेली.

"सुना है, तुमाले सिलिका लागते. ह्यात सिलिकाच सिलिका हाये म्हने," शेठ म्हणाले. "घेऊन टाका साहेब. मिलीमागं पूरा पहाड पडला हाये, मुनसिपालटी नोटिसा देऊन राहिली."

विरजण ज्या आधारावर बसवतात तो सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्याच द्रव्याचा, असतो हे खरं, आणि तुसाच्या राखेत सिलिका असते हेही खरं. मी मनात शेठना दारापर्यंत पोचवून आले होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. परदेशी विरजणाला हरवणारं देशी विरजण, आणि तेही भंडाऱ्याच्या धानातून. साहेबांना त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. राख धुतली, आम्लात उकळली, भाजली, पुन्हा धुतली. तीन वर्षांत चाळीस नमुने झाले आणि चाळीसही वाया गेले. एकेचाळिसाव्याने परदेशी विरजणाला मागे टाकलं.

मागे म्हणजे चांगलंच मागे. साहेबांनी तीनदा चाचणी करायला लावली, तिन्ही वेळा तेच. पेढे वाटले. शेठनी मिलीमागच्या राखेला पहारेकरी नेमला. मुंबईच्या मुख्य कचेरीला अहवाल गेले. खाली चाचणी करणारी म्हणून माझी सही. मला मुंबईला घ्यायचं ठरतंय, असं साहेबांनी हळूच सांगितलं. मी नेहमीप्रमाणे मान हलवली.

दोन गोष्टी मात्र बसत नव्हत्या. धुतलेली पूड भट्टीत जाण्याआधी व्हरांड्यात परातींत पसरून ठेवत. गावच्या शेळ्या यायच्या. परदेशी विरजणाची परात हुंगून पुढे जायच्या आणि एकेचाळीस नंबर चाटत बसायच्या. "शेळ्यायलेबी एकेचाळीसच पसंत हाये," भोजराम म्हणाला, आणि साहेबांनी हा विनोद मुंबईच्या पत्रातही घातला. दुसरी गोष्ट माझ्या वहीतली. भांड्यात किती वायू गेला हे मीटर दाखवायचं. एकेचाळीसच्या वेळी भांड्यातून निघणारं पॉलिथिन आत गेलेल्या वायूपेक्षा जास्त भरत होतं. रसायनशास्त्र न शिकलेल्यालाही हे खटकेल. साहेब म्हणाले, मीटर बिघडलं. ते दुरुस्तीला मुंबईला गेलं आणि निर्दोष असल्याचा दाखला घेऊन परत आलं. मी वहीच्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. पेन्सिलीने, म्हणजे वेळ आली तर खोडता यावं. असं काम मी पुष्कळ केलं आहे.

मग एका दुपारी मी एकेचाळीसची पूड मुशीत घालून जाळली. शुद्ध पॉलिथिन जळून गेलं की तळाला काही दिसायला नको. तळाला पांढरा थर होता, चांगला जाड. परदेशी विरजणाची पूड जाळली. मूस जवळजवळ स्वच्छ.

मी ताराबाईंना विचारलं, पूड किती पाण्यांनी धुता.

"तीन."

नेहमी तीनच का, असं विचारलं.

"तीनच तं. चौथं पानी घातलं का कस निंगून जाते ना जी. माई सासू तं तिसऱ्या पान्यावरच डोरे वटारे."

मी म्हटलं, पण ही पूड आहे, तांदूळ नव्हे.

"तुमीच तं सांगतलं होतं, मॅडम. पयल्या दिवशी. तांदूर धुतेत तसं धुवा म्हनून."

सांगितलं होतं. त्यांचा पहिला दिवस मला आठवला. धुणं म्हणजे काय अपेक्षित आहे ते मराठीत कसं सांगावं, म्हणून मी अर्धा तास मनात शब्द जुळवत होते, आणि अचानक हे वाक्य सुचलं होतं. इतकं सोपं आणि इतकं मराठी वाक्य मला आयुष्यात पहिल्यांदाच सुचलं होतं. त्या आनंदात मी आईला पत्रात कळवलंही होतं. साहेबांनी दिलेल्या छापील इंग्रजी पद्धतीत 'मीठ पूर्णपणे जाईपर्यंत' असं होतं. ती पद्धत माझ्या खणात होती.

परदेशी विरजणाचे दाणे गोल, गुळगुळीत. त्यांचं मीठ तीन पाण्यांत जायचं. राखेवरचे दाणे सुरकुतलेले, एकमेकांत अडकलेले, पोटात मीठ धरून बसणारे. त्यांना तीन पाणी कमी पडत होती. साहेबांच्या तीन वर्षांच्या कष्टाला जे वजन आलं होतं, त्यातलं किती मिठाचं होतं हे अजून कुणालाच माहीत नव्हतं.

ताराबाईंनी परातीतली चिमूट जिभेवर ठेवली. प्रयोगशाळेत काही चाखायचं नाही, हा आमचा पहिला नियम. "खारं हाये व माय," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "माया हातून काई बिघडलं का? कोनी बोलन का मले?"

मी नाही अशी मान हलवली.

साहेबांना मी चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत, आठ ओळी. त्यांनी ती वाचली, सवयीने एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि मग तिचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला. पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून पूड धुतली. प्रत्येक पाण्यात चांदीच्या क्षाराचा थेंब टाकायचा. पाणी दुधासारखं झालं की मीठ अजून आहे. सातव्या पाण्याला ते निवळ राहिलं. वाळवून तोललं. परदेशी विरजणाहून थोडं कमी भरलं. वाईट नव्हतं. राखेपासून बनवलेल्या वस्तूला तर खूपच चांगलं होतं. पण पेढे वाटण्यासारखं नव्हतं.

साहेबांनी तोललेल्या पुडीची बाटली हातात घेतली. "तीन वर्षं, मिस दाणी," म्हणाले. मला त्यांची फार कणव आली, आणि मी तेही बोलले नाही.

पाहुणे आठ दिवसांनी यायचे होते. एक मोठी कंपनी नवा कारखाना काढत होती आणि एकेचाळीस नंबर बघायला तिची माणसं येणार होती. तार करून थांबवता आलं असतं, पण साहेबांनी मार्ग काढला होता. अकुशल मजुराकडून धुण्यात हलगर्जी झाली, चाचण्या पुन्हा करत आहोत, संबंधित बाईला काढून टाकलं आहे. "काढलं असं म्हटलं की पद्धत सुधारली असं वाटतं," ते म्हणाले. "माणसं बदलली की लोक आकडे पुन्हा मागत नाहीत. आणि तुमची मुंबईची गोष्टही शाबूत राहील." ताराबाईंना पाहुणे गेल्यावर सांगायचं होतं. चहापाण्याला कोण, म्हणून.

त्या आठ दिवसांत मी रोज ताराबाईंना पाहत होते. त्या आता सात पाण्यांनी धुवत होत्या आणि मोजायचं विसरू नये म्हणून प्रत्येक पाण्याला बादलीच्या कडेवर एक खडा ठेवत. तिसऱ्या मुलीचं नाव शाळेत घातलं, हे त्यांनी मला याच आठवड्यात सांगितलं. मी दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा सिलिंडरची पावती पुढे केली.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी उगाच उत्सुकता नको. ताराबाई केंद्र बंद होईपर्यंत होत्या. पाण्यातलं मीठ मोजायचं छोटं यंत्र आलं तेव्हा त्याचा काटा माझ्याआधी त्यांना वाचता यायला लागला. मला मुंबईला घेतलं नाही. वर्षभर ग्रंथालयाची यादी करायला बसवलं, आणि खरं सांगायचं तर ते काम मला आवडलं. साहेब माझ्याशी पावसाळाभर बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनी त्रेचाळीस नंबरची चाचणी माझ्याकडे दिली आणि वर चिठ्ठी ठेवली की धुण्याची पद्धत लिहून भिंतीवर लावा, मराठीत. ती मी तीन दिवस लिहीत होते. मोठ्या कंपनीने परदेशी विरजणच घेतलं. शेठनी पहारेकरी काढून टाकला. या सगळ्यात मला वाईट वाटतं ते त्या आठ दिवसांचं. मला जे बोलायचं होतं ते एका श्वासात मावणारं होतं.

पाहुणे चौघे होते. शेडमध्ये तेवढ्या बऱ्या खुर्च्या नव्हत्या म्हणून शेठच्या घरून आणल्या होत्या. बैठक इंग्रजीत. साहेबांनी आकडे फळ्यावर मांडले, मीठ कसं राहिलं ते सांगितलं, आणि कुठल्या स्तरातल्या माणसांकडून इथे काम करून घ्यावं लागतं त्याविषयी दोन वाक्यं बोलले. ते बोलत असतानाच ताराबाई चहा घेऊन आत आल्या. पाहुणे येणार म्हणून ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. धुणाऱ्या बाईला काढून टाकलं आहे, असं साहेब म्हणाले त्याच क्षणी त्यांनी साहेबांसमोर कप ठेवला, आणि कपाचा कान नीट त्यांच्या हाताशी येईल असा वळवला.

पाहुण्यांत सगळ्यात वयस्कर होते त्यांनी विचारलं की त्या बाईला नेमक्या काय सूचना दिल्या होत्या आणि कुणी.

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. सगळे एकदम गप्प झाल्यावर ताराबाईंना वाटलं चहातच काहीतरी चुकलं. त्यांनी ट्रे छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या खोलीतल्या सगळ्यांना इंग्रजी येत होतं, एक माणूस सोडून. माझं इंग्रजी तर तिथे बहुतेक सगळ्यांत चांगलं होतं. मी उठून उभी राहिले आणि मराठीत बोलले. त्याचं भाषांतर करून पाहुण्यांना सांगायचं काम साहेबांना करावं लागलं.

मी म्हणाले, "ताराबाईंनी काही चूक केली नाही. तांदूळ धुतात तसं धुवा, असं त्यांना मी सांगितलं होतं. आणि मी आजपर्यंत कधी तांदूळ धुतलेले नाहीत."